चिबडातली पालथी बादली

कडुबाच्या रानात दर मंगळवारी एक बादली पालथी पडायची आणि अर्धा तास तिला कुणी सरळ करायचं नाही, असा नियम होता.

बादली रंगाची. भिंतींना रंग देऊन झाला की उरते आणि मग घरोघर पाणी, धान्य, कपडे सगळं पोटात घेते, तीच वीस लिटरची. हिच्यावर मात्र चंदेरी कागद गुंडाळलेला होता आणि बुडाला भोक पाडून त्यात रबराचं बूच बसवलेलं होतं. ही बादली संभाजीनगरहून विशाखा घेऊन यायची. विशाखा विद्यापीठात मातीचा अभ्यास करणारी, पंचविशीतली मुलगी. सकाळच्या एसटीनं पिशोरला उतरायची, तिथून रिक्षानं फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून डोक्यावर बादली घेऊन चालत. पहिल्या दिवशी तिला पाहून वस्तीवरच्या लोकांना वाटलं, रंगारी आला.

आधी ते रान कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर बादली तिथं कशाला आली ते कळायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून तिथं एक पाझर तलाव बांधला. तलावात पाणी किती राहिलं ते राहिलं, पण भिंतीखालून झिरपून झिरपून कडुबाच्या आणि शेजारच्या रामकिसनच्या बापाची एकेक एकर जमीन कायमची ओली झाली. अशा जमिनीला चिबड म्हणतात. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत, आणि बाहेर काढला की चप्पल तिथंच. पन्नास वर्षं तिथं लव्हाळं आणि पाणकणसं उगवली, मेली, पाण्यातच पडून राहिली. त्यांचा हातभर जाड काळा थर झाला, चहा गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यासारखा मऊ. सहा वर्षांपूर्वी कडुबा आणि रामकिसननं मिळून बांधाच्या कडेनं चर खोदला, पाणी ओढ्याला काढून दिलं आणि त्या काळ्या मातीत अद्रक लावली. अशी अद्रक आली की बघायला पाहुणे यायला लागले.

"काका, मला या मातीचा श्वास मोजायचाय," विशाखा पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"मोज की. पण आजारी दिसत नाय ती," कडुबा म्हणाला.

विशाखा हसली आणि बांधावर बसून तिनं नीट सांगितलं. ओल्या जागेतलं पाणी काढलं की अशा मातीतून एक वायू निघतो. नायट्रस ऑक्साइड त्याचं नाव. दात काढताना काही दवाखान्यांत हाच देतात आणि त्यानं माणसाला हसू येतं, म्हणून त्याला हसवणारा वायू असंही म्हणतात.

तिनं ते शेवटचं वाक्य सांगायला नको होतं. पुढच्या मंगळवारी अर्धी वस्ती बादलीभोवती येऊन बसली. रामकिसन तर अगदी बादलीला नाक लावून. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"मला तर काहीच हसू येईना," रामकिसन म्हणाला.

"तुला बघून आम्हाला येतंय ते पुरे नाय का," कडुबा म्हणाला.

मग विशाखानं पुन्हा समजावलं. वायू अगदी थोडा असतो, वासानं कळत नाही, हसू येण्याइतका तर नाहीच. पण वर हवेत गेला की शंभराहून जास्त वर्षं तिथं राहतो आणि पृथ्वीला तापवतो. कोळसा जाळून जो वायू निघतो त्याच्या पावणेतीनशे पट तापवतो, वजनास वजन धरलं तर.

कडुबाची बायको लीलाबाई चहा घेऊन आली होती. ती कपबशा तशाच हातात धरून उभी राहिली. "आधी निघत नव्हता, अन् चर खोदल्यावर कामून निघतो?"

"काकू, तुमच्या लोणच्यावर तेल असतं ना, तोवर ते टिकतं. तेल खाली गेलं तर?"

"बुरशी धरते."

"तसंच. पाणी होतं तोवर ही माती तेलाखालच्या लोणच्यासारखी होती. पाणी काढलं, हवा आत गेली, अन् बारीक जीव मातीला खायला बसले. खाता खाता त्यांच्या तोंडून हा वायू सुटतो."

लीलाबाईला हे एकदम पटलं. तिनं चहा दिला आणि जाताना बादलीकडं जरा संशयानं पाहिलं.

विशाखानं तीन कडी मातीत रोवली. कडं म्हणजे बादलीच्या तोंडाएवढी प्लास्टिकची गोल पट्टी, अर्धी जमिनीत, अर्धी वर. एक कडुबाच्या रानात, एक रामकिसनच्या रानात, आणि एक तलावाच्या भिंतीखालच्या कोपऱ्यात, जिथं चर पोचलाच नव्हता. दर मंगळवारी ती एकेका कड्यावर बादली पालथी घालायची, बुचातून सुई आत सारून दर दहा मिनिटांनी आतली हवा ओढायची आणि काचेच्या बोटभर बाटल्यांत भरून शहराला न्यायची. तिथलं मशीन मग त्यात काय किती आहे ते सांगायचं.

"एकच अट आहे," ती दोघांना म्हणाली होती. "कड्याच्या आत काही पडता कामा नये. भोवती दोन पावलंसुद्धा नाही. खत नाही, पाणी नाही, तंबाखूची पिंक नाही. मला मातीचा स्वतःचा वायू मोजायचाय. वर्षभराचं काम आहे माझं, आणि त्यात काही पडलं तर ते वर्ष पाण्यात जाईल."

रामकिसननं तोंडातली पिंक गिळली आणि मान हलवली. कडुबा म्हणाला, "मपला शब्द आहे, पोरी."

आता कडुबाचा शब्द ही काही साधी गोष्ट नव्हती. एकदा कुणाच्या लग्नात वाढायला येतो म्हणून त्यानं शब्द दिला होता, आणि अंगात ताप असताना जाऊन तीन पंगती वाढल्या होत्या. नवरदेवाच्या ताटात बासुंदीऐवजी आमटी पडली, पण शब्द पडला नाही. शिवारात एखादा मोठ्यानं काही बोलला की लोक विचारायचे, हा कडुबाचा शब्द आहे का नुसता शब्द आहे?

तर असा हा शब्द जून महिन्यात दिला गेला, आणि ऑगस्टपर्यंत नीट राहिला.

ऑगस्टमध्ये विशाखानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. तीन खांब होते. कोपऱ्यातल्या ओल्या जागेचा खांब जमिनीला चिकटलेला, दिसेल न दिसेल असा. कडुबाचा बोटाएवढा. आणि रामकिसनचा त्याच्या दुप्पट.

"दोन्ही रानं एकाच चराच्या कडेला, माती एकच," विशाखा स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. "मग एवढा फरक कसा?"

"जमिनीत जीव पाहिजे," रामकिसन म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवला.

तो हात कडुबाला लागला. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर सातवीपर्यंत शिकलेले. रोज संध्याकाळचा चहा एकमेकांच्या ओट्यावर व्हायचा, एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. भांडण कधीच नव्हतं. पण रामकिसनचा आकडा नेहमी कडुबाच्या आकड्याच्या पुढं. शाळेत गणितात पुढं. पोळ्याला त्याच्या बैलांची झूल भारी. अद्रक एका चराची, एका बियाण्याची, तरी रामकिसनच्या कंदाचा पंजा बोटभर जाड. आणि आता साठी आली तर जमिनीच्या श्वासातसुद्धा कडुबा मागं.

हा वायू वाईट असतो हे कडुबानं ऐकलं होतं, नाही असं नाही. पण ज्याचा आकडा मोठा तो पुढं, हे त्यानं त्याआधी पन्नास वर्षं ऐकलं होतं. जुनं ऐकलेलं नव्या ऐकलेल्याच्या डोक्यावर बसतं. लहान मुलांचंही तसंच होतं, फक्त मोठ्यांना ते कुणी दाखवून देत नाही.

तो जाऊन रामकिसनचं कडं लांबूनच न्याहाळून आला. त्यातलं गवत काय काळंभोर होतं. त्याच्या स्वतःच्या कड्यात चार पिवळट काड्या. "खरंच लेका, जीव आहे तुह्या जमिनीत," तो मनात म्हणाला, आणि त्याचं तोंड कडू झालं.

पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी कडुबा अद्रकीला युरिया द्यायला रानात गेला. घमेलं काखेत होतं. एकेका वाफ्याला देत देत तो कड्यापाशी आला आणि थांबला. विशाखानंच तर सांगितलं होतं, हे बारीक जीव नायट्रोजन खातात म्हणून. युरियात दुसरं काय असतं? खाणाऱ्याला जेवायला घातलं तर त्यात वाईट काय?

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. चरात एक बगळा उभा होता, बाकी कुणी नव्हतं. त्यानं एक मूठ कड्यात सोडली. मग त्याला आठवलं की रामकिसनचा खांब दुप्पट आहे, म्हणून आणखी एक मूठ सोडली. ओंजळभर पाणी शिंपडलं. बगळा त्याच्याकडं बघत होता. कडुबानं त्याला खडा मारला, पण तो जरा पलीकडं जाऊन पुन्हा बघायला लागला.

त्या संध्याकाळी कडुबानं रामकिसनच्या ओट्यावर दोन कप चहा घेतला आणि कारण नसताना रामकिसनच्या बायकोच्या, आशाबाईच्या हातच्या चहाचं कौतुक केलं. घरी आल्यावर लीलाबाईनं विचारलं, "आज एवढे खूश कामून?" तो म्हणाला, "उगंच." उगंच खूश होणारा नवरा तिनं चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

मंगळवारी विशाखा आली, बाटल्या भरून घेऊन गेली. त्याच्या पुढच्याही मंगळवारी आली. आणि त्यानंतरच्या बुधवारी दुपारी तिचा फोन आला. कडुबा ओट्यावर दोर वळत बसला होता.

"काका, तुमच्या कड्याचा आकडा आलाय. आधीच्या नऊ पट."

कडुबाच्या हातातला दोर सुटला. "रामकिसनच्या?"

"तुमच्याच आधीच्या. रामकिसनकाकांच्या साडेचार पट."

"म्हणजे आता पहिला कोण?"

"पहिले तुम्हीच." विशाखाच्या आवाजात आनंद होता, आणि आनंदाखाली काहीतरी थरथरत होतं. "आमच्या सरांनी तीनदा मशीन तपासायला लावलं. शुक्रवारी इथं बैठक आहे, मोठी माणसं येणार आहेत. काका, कोणता देश हवेत काय काय सोडतो याचा एक तक्ता करावा लागतो. त्यात पाणी काढलेल्या अशा काळ्या जमिनीसाठी एक रकाना असतो. आपल्याकडं अशा जागा थोड्या, अन् मोजलेल्या त्याहून थोड्या. मग पुस्तकातला ठोक आकडा टाकतात. सर म्हणाले, आपल्याकडं मोजलेला आकडा आहे, आपण तो बैठकीत मांडू."

"मपल्या रानाचा?"

"तुमच्या रानाचा. एवढा आकडा म्हणजे पाझर तलावांखालचे असले सगळे चर बुजवा, असं सांगावं लागेल, म्हणतात सर. सगळ्यात जास्त बिघडलेली जागा म्हणून तुमचं रान पहिलं आलंय."

पहिला नंबर कडुबाच्या पुढ्यात येऊन बसला होता, आणि आता त्याचं तोंड दिसलं होतं.

"काका, एक विचारू? कड्यात काही पडलं नव्हतं ना? सरांनी विचारलं. मी सांगितलं, कडुबाकाकांचा शब्द आहे, तिथं काही पडणार नाही."

"तिथं एक बगळा यायचा," कडुबाच्या तोंडून निघालं.

विशाखा हसली. "बगळ्यानं एवढं होत नसतं, काका. बरं, ठेवते. जयभीम."

"जयभीम," कडुबा म्हणाला, आणि फोन बंद झाल्यावरसुद्धा कानाला लावून बसला.

लीलाबाई दारात उभी होती. फोन मोठ्या आवाजात लावायची कडुबाला सवय, त्यामुळं तिनं सगळं ऐकलं होतं.

"बगळा," ती म्हणाली.

"येतो की तिथं. तू पाहिला नाय?"

"पाहिला. अन् कड्यातलं गवतबी पाहिलं. शेजारच्या अद्रकीपेक्षा उंच झालंय. मला वाटलं, बगळा पेरणी करायला लागला."

कडुबा दोर पुन्हा वळायला लागला. उलट्या बाजूनं वळत होता.

"किती मुठी?" तिनं विचारलं.

"दोन."

"कामून पण?"

"रामकिसनचा खांब मोठा होता."

लीलाबाई त्याच्याशेजारी बसली. तिला हसावं की रागवावं ते कळेना. "अहो, शेजारणीपेक्षा मपल्या लोणच्याला बुरशी जास्त आली म्हणून मी बरणी घेऊन गावात दाखवायला जाते का?"

"नाय."

"मग? ती पोर एसटीनं येते, डोक्यावर बादली घेऊन येते. परवा मोठ्या माणसांपुढं ती तुमचा युरिया वाचून दाखवील. पुढंमागं कुणी पुन्हा मोजलं अन् आकडा खोटा निघाला, तर खोटं कोण ठरंल? तुम्ही नाय, ती ठरंल."

"फोन लावतो."

"शब्द दिला तेव्हा फोनवर दिला होता का?"

फोनवर दिला नव्हता. बांधावर, समोर उभं राहून दिला होता. कडुबा उठला आणि धुतलेला सदरा आहे का ते बघायला आत गेला.

गुरुवारी सकाळी तो फाट्यावर आला तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत दोन किलो अद्रक. चूक सांगायला जाताना हात रिकामे नसावेत, असं लीलाबाईचं म्हणणं. फाट्यावर लिंबाखाली एक माणूस आधीच उभा होता. धुतलेला सदरा, हातात पिशवी.

"कुठं निघाला?" रामकिसननं विचारलं.

"पाहुण्याकडं. बारसं आहे," कडुबा म्हणाला. "तू?"

"डोळे दाखवायला."

दोघांनी एकमेकांच्या पिशवीकडं पाहिलं. दोन्ही पिशव्यांतून अद्रकीचा पंजा बाहेर डोकावत होता.

"बारशाला अद्रक?" रामकिसन म्हणाला.

"तू डोळ्याच्या डॉक्टरला नेतो, मग बाळाला नेली तर काय झालं."

रिक्षा आली, पिशोरला सोडून गेली, तिथून एसटी मिळाली. एकाच बाकावर बसावं लागलं, दुसरी जागाच नव्हती. फुलंब्री येईस्तोवर दोघं पावसावर बोलले. फुलंब्रीपासून पुढं पाऊसही संपला. कडुबा खिडकीतून बाहेर बघत होता आणि विशाखापुढं पहिलं वाक्य काय बोलायचं याची मनात घोकंपट्टी करत होता. "पोरी, बगळ्याचं मी खोटं सांगितलं." नाही. बगळ्यापासून सुरुवात नको.

हर्सूल आलं. तुरुंगाची लांबच लांब भिंत दिसायला लागली. कडुबानं ती शंभरदा पाहिली असेल, पण आज ती संपता संपेना. त्यानं वळून पाहिलं तर रामकिसन मान लांब करून त्याच भिंतीकडं बघत होता.

"रामकिसन, तुला काय झालं?"

"काय नाय."

"डोळे दुखतात का?"

रामकिसननं पिशवी मांडीवरून उचलली, पुन्हा मांडीवर ठेवली. "कडुबा, मी डोळे दाखवायला नाय चाललो."

"मीबी बारशाला नाय चाललो."

"मी विशाखाताईकडं चाललो."

"कामून?"

रामकिसननं कंडक्टर लांब आहे याची खात्री केली. "दर रविवारी आशा गोठा धुते ना, तर खाली साचलेलं बैलांचं मूत मी लोटाभर कड्यात ओतत होतो. जूनपासनं. ताईनं पहिल्याच दिवशी मपल्या मातीकडं बघून तोंड वाकडं केल्यासारखं मला वाटलं. म्हणलं, नापास नको व्हायला. काल ताईचा फोन आला. म्हणाली, रामकिसनकाका, तुमच्या कड्यात काही पडलं नाही ना? कडुबाकाकांना तर मी विचारायचीबी गरज नाही, पण सरांसाठी विचारीन. ते ऐकलं अन् मला जेवण जाईना."

कडुबा त्याच्याकडं बघतच राहिला. काळंभोर गवत, दुप्पट खांब, मिशीवरून फिरलेला हात, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"म्हणजे तुह्या जमिनीतला जीव तो हाच?"

"हाच. तू कामून चाललास?"

"मी तुह्या बैलाच्या मुताला हरवायला दोन मुठी युरिया टाकला."

मग रामकिसनच्या पोटातून कुठूनतरी एक आवाज आला, कडुबाच्याही आला, आणि दोघं पिशव्या पोटाशी धरून असे हसायला लागले की पुढच्या बाकावरच्या बाईनं लेकराला जवळ ओढलं. बादलीला नाक लावून अर्धा तास बसल्यावर जे हसू आलं नव्हतं, ते हर्सूलला एसटीत आलं. तुरुंगाची भिंत कधी मागं गेली ते कळलंही नाही.

विद्यापीठाच्या आवारात शिरल्यावर मात्र दोघांची पावलं भराभर पडायला लागली. आधी रामकिसन पुढं होता. जिन्यात कडुबानं त्याला गाठलं. प्रयोगशाळेच्या दारात दोघं एकदमच पोचले, पण कडुबानं दाराच्या कडीवर हात आधी ठेवला.

"मी आधी," तो म्हणाला. "मपला आकडा मोठा आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच रामकिसन मागं सरला.

आत विशाखा बाटल्यांचा ट्रे पुढ्यात घेऊन बसली होती. प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरात चिठ्ठी होती. कडुबा एक, कडुबा दोन, कडुबा तीन. आपलं नाव एवढ्या वेळा, एवढ्या नीटनेटक्या अक्षरात कडुबानं कधी पाहिलं नव्हतं. घोकलेलं वाक्य विसरलं.

"पोरी, तो बगळा नव्हता," तो म्हणाला. "मीच होतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. मागून रामकिसननं आपलं सांगितलं. विशाखा आधी उभी होती, ऐकता ऐकता स्टुलावर बसली. रागावली नाही, ते जास्त अवघड होतं. ट्रेमधल्या बाटल्यांवरून तिनं एकदा बोट फिरवलं.

"हा पावसाळा गेला म्हणजे माझं वर्षच गेलं, काका," ती म्हणाली.

कडुबानं पिशवी टेबलावर ठेवली. रामकिसननं आपली पिशवी तिच्या शेजारी ठेवली. चार किलो अद्रकीचा वास प्रयोगशाळेत पसरला.

मग विशाखानं वही ओढली. "किती टाकला अन् कधी?"

"पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी. दोन मुठी."

"मूठ म्हणजे किती?"

कडुबानं मूठ दाखवली. विशाखानं कोपऱ्यातल्या पोत्यातली वाळू एका परातीत ओतली, तराजूवर कागद ठेवला आणि म्हणाली, "टाका. त्या दिवशी टाकला तसाच." कडुबानं हात वाळूत घातला आणि दोन मुठी कागदावर सोडल्या. सोडताना त्यानं सवयीनं इकडं तिकडं पाहिलं, आणि तेवढ्यात विशाखाला पहिल्यांदा हसू फुटलं.

"एकशे चाळीस ग्रॅम," तिनं लिहून घेतलं. "बादलीच्या तोंडाएवढ्या जागेत. एवढ्यात अख्खा वाफा भागला असता, काका."

"मपलीबी मूठ मोजा की," रामकिसन म्हणाला. "मपली मोठी आहे."

"तू युरिया टाकलाच नाय," कडुबा म्हणाला.

"तरीबी मोजून ठेवलेली बरी."

विशाखानं त्याला वाळूऐवजी पाणी आणि लोटा दिला. मापं, तारखा, वार, सगळं लिहून झाल्यावर ती सरांच्या खोलीत गेली. दार लावलेलं होतं. आतून शब्द कळत नव्हते, नुसता सरांचा आवाज येत होता, आणि मध्ये मोठी शांतता. दोघं बाहेरच्या बाकावर सातवीतल्या मुलांसारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

ती बाहेर आली. "उद्या बैठकीत सांगायचं ठरलंय की आकडा अजून आलेला नाही. कोपऱ्यातलं ओलं कडं तेवढं खरं आहे, ते ठेवायचं. बाकी दोन नव्या जागी, नव्यानं, एक पूर्ण वर्ष."

"कोपऱ्यातलं खरं कसं काय राहिलं?" रामकिसननं विचारलं.

"तिथं कुणाला पहिलं यायचं नव्हतं."

"आता मपल्याकडनं काही होणार नाय," कडुबा म्हणाला. "पुन्हा शब्द देतो."

"शब्द नको," विशाखा म्हणाली. कडुबाचा चेहरा उतरला, तसं तिनं पुढचं पटकन सांगितलं. "काम देते. मंगळवारी अर्धा तास तुमचे हात मोकळे राहणार नाहीत, एवढं बघते. आणि आता ज्याचा आकडा कमी तो पुढं, हे दोघांनी ध्यानात ठेवायचं."

पुढच्या मंगळवारी नवी दोन कडी रोवली गेली, जुन्यांपासून वीस पावलं दूर. जुन्या कड्यांतलं गवत लीलाबाईनं कापून शेळीला घातलं. शेळीनं ते एवढ्या आवडीनं खाल्लं की रामकिसन आणि कडुबा दोघांनाही मनातून बरं वाटलं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. अद्रक निघाली की उन्हाळ्यात चराच्या तोंडाला फळी लावून पाणी थोडं वर आणायचं आणि तेव्हा काय होतं तेही मोजायचं, असं विशाखानं ठरवलं होतं. चर बुजवायचा की नाही ते नंतर, खरा आकडा आल्यावर.

विशाखानं बादली उचलली. कडुबाच्या हातात तिनं घड्याळ दिलं, दर दहा मिनिटांनी हाक द्यायला. रामकिसनच्या हातात छत्री दिली, बादलीवर ऊन पडू नये म्हणून. आता कुणाचाच हात रिकामा नव्हता.

"थांबा," लीलाबाई बांधावरून म्हणाली. "आधी मुठी उघडा."

"अगं, घड्याळ पडंल," कडुबा म्हणाला.

"पडू द्या. उघडा."

कडुबानं घड्याळ दातांत धरलं. रामकिसननं छत्री काखेत घेतली. दोघांनी हात पुढं केले, आणि लीलाबाई वाकून, एकेक बोट सरळ करून, चार तळवे बघत गेली. चरात बगळा एका पायावर उभा राहून ते सगळं पाहत होता.

"रामकिसनभाऊ, नखात काय आहे हे?"

"माती आहे, वहिनी."

"कुठली?"

"मपल्या रानातली."

लीलाबाईनं विशाखाकडं पाहिलं. विशाखानं मान डोलावली, बादली कड्यावर पालथी घातली, आणि म्हणाली, "काका, वेळ लावा."

कडुबानं दातांतलं घड्याळ काढून सदऱ्याला पुसलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.